नऊ पुस्तकांची यादी

चारातली दोन सत्रं संपली.
गुणपत्रिका आली तेव्हा मी वाचनालयाच्या मागच्या अंगणात
उन्हात पुस्तकं घालत होते,
सुकट घालावी तशी, मधून मधून परतत.
वर्गीकरण अडुसष्ट. तालिकीकरण एक्केचाळीस, म्हणजे काठावर.
काठावर राहायची सवय आहे आम्हा वेंगुर्ल्याच्या लोकांना.

जतनाच्या धड्यात लिहिलंय,
खोलीतली आर्द्रता पन्नासच्या आसपास ठेवावी.
कुणी ठेवावी ते लिहिलेलं नाही.
इथे भिंतीला टेकलं की पाठ ओली होते,
टाचण्या वर्षभरात तांबूस होऊन कागदावर डाग सोडतात,
आणि मीठ तर कपाटाच्या बिजागरीतही जातं.
मी उत्तरपत्रिकेत पन्नास लिहिलं.
पूर्ण गुण.

रविवारी सव्वासातच्या गाडीने कुडाळला जाते.
वर्गात सगळी बावीस-तेवीसची मुलं,
मला मॅडम म्हणतात, मग जीभ चावतात.
एकीने विचारलं, आता कशाला हे?
मी म्हटलं, पगारात नऊशे रुपयांचा फरक पडतो.
ते खरंच होतं. पण ती मुख्य नोंद झाली.
बाकीच्या नोंदी दुसऱ्याच कुठल्या तरी पत्रावर असतात,
‘हेही पहा’ म्हणून सोडून दिलेल्या.

हल्ली मला सगळ्यावर आकडे दिसतात.
बंदरावर बांगड्यांची टोपली उतरली की पाचशे सत्त्याण्णव.
काजूची बाग सहाशे चौतीस, पुढे दशांश.
नवऱ्याचं घोरणं कुठे घालू, वैद्यकात की संगीतात,
हे अजून ठरत नाही.
पूर्वी मी पुस्तक पुठ्ठ्याच्या रंगावरून शोधायचे.
मिळायचं.

दुसऱ्या सत्रात गृहपाठ होता निष्कासनाचा:
आपल्या ग्रंथालयातली बाद करण्याजोगी दहा पुस्तकं,
कारणांसह.
कारणांना काय तोटा! कसर लागलेली, शिवण सुटलेली,
बारा वर्षांत कुणी हात न लावलेली.
दहावं तांबड्या पुठ्ठ्याचं, नावाचं पान गेलेलं,
एक बोट बुडते त्याची गोष्ट.
पेन्सिलीने फुली मारली.

आणि त्याच आठवड्यात बस्त्याव फर्नांडिस आले,
छत्री दारात उलटी ठेवून.
“बाय, ता तांबडा पुस्तक खय गेला? बोट बुडता ता.”
संदर्भ-मुलाखतीच्या पायऱ्या मला पाठ होत्या.
वाचकाला नेमकं काय हवंय ते विचारा.
विचारलं, पुन्हा वाचायचंय का?
“माका खय वाचूक येता.”

त्यांनी मागचं पान उघडलं,
कप्प्यातलं पुस्तकपत्र बाहेर काढलं
आणि बोट धरून खाली उतरत गेले.
चारशे सतरा, मार्च.
चारशे सतरा, ऑगस्ट.
मध्ये कुणी दुसरा. मग परत चारशे सतरा.
आकडे येतात त्यांना, तराजूवर शिकलेले.
आनामारीचा नंबर.
“तिना माका वाचून दाखवल्यान, तीनदा.
दर खेपेक माका वाटायचा, आता तरी बोट वाचतली.”

नियम असा आहे की
पुस्तक वाचकाकडे जातं आणि पत्र आमच्याकडे राहतं.
मी उलट केलं.
पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गेलं,
पुस्तक परत फळीवर.
ह्याला कोणत्या धड्यात काय म्हणतात, माहीत नाही.
एवढं माहीत आहे की ज्याचं पत्र बाहेर आहे
ते पुस्तक बाद करता येत नाही.

गृहपाठात नऊच दिली.
दहापैकी सात, आणि लाल शाईत शेरा: ‘एक कमी.’

अजून दोन सत्रं आहेत.
पुढच्यात संगणक, आणि संख्याशास्त्र, ज्याची मला भीती वाटते.
बस्त्यावकाका दिसतात बाजारात,
खिसा चाचपून दाखवतात, हसतात,
परत करायचं नाव काढत नाहीत.
मीही विचारत नाही.

दव पडायच्या आत ही पुस्तकं आत न्यायला हवीत.
तांबडं अजून ओलसर आहे.
उद्या पुन्हा घालते.